तादेउशचा दाखला

जर्मनीतल्या राइकर्सडोर्फ गावात राहायला येऊन अहिल्या वाघमोडेला अकरा महिने झाले होते, तरी गाव तिला नावाने ओळखत नव्हतं. 'डॉक्टर आयग्नरकडची भारतीण' एवढीच तिची ओळख, आणि तीही तिने निमूट चालवून घेतली होती, कारण तिला काम हवं होतं. नवरा हरीश इंगोलश्टाटच्या कार कारखान्यात इंजिनिअर. लग्न होऊन इकडे आल्यावर तिची पहिली अडीच वर्षं जर्मन शिकण्यात, कागद गोळा करण्यात आणि नकाराची पत्रं उघडण्यात गेली. शहरातल्या एकाही दवाखान्याने तिला दारात उभं केलं नाही. शेवटी खेड्यातल्या या म्हाताऱ्या डॉक्टरला मदतनीस मिळेना म्हणून त्याने तिला घेतलं, आणि मग कुठे म्युनिकच्या कचेरीतून तिची बेरूफ्सएरलाउबनिस आली. म्हणजे डॉक्टरकी करायचा तात्पुरता परवाना. तो फक्त डॉक्टर आयग्नर यांच्या दवाखान्यापुरता आहे, असं त्यावर साफ लिहिलेलं होतं. नोकरी गेली की परवानाही गेला.

साल २००७. सप्टेंबर महिना, होप्फेनची तोडणी ऐन भरात. होप्फेन म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. त्या भागात टेकड्याच्या टेकड्या उंच खांबांनी आणि तारांनी भरलेल्या असतात आणि त्यांवर हे वेल चढवलेले असतात. ते उतरवायला दर वर्षी पोलंडहून मजुरांच्या बसगाड्या येत. तीन-चार आठवडे गावाला त्या फुलांचा उग्र वास चिकटून राही, आणि रविवारची सुट्टीसुद्धा मळ्यांवर कुणी पाळत नसे.

अशाच एका रविवारी सकाळी आठला आयग्नरचा फोन आला. तो तिला 'फ्राऊ कोलेगिन', म्हणजे सहकारी डॉक्टरबाई, म्हणायचा.

"फ्राऊ कोलेगिन, जरा क्राइटमायरच्या शेतावर जाऊन या. त्याचा एक पोलिश मजूर झोपेत गेलाय. दाखला भरून द्यायचा आहे."

"तुमचा पेशंट होता का तो?"

"मजूर कसला पेशंट असतो? पंचेचाळिशीचा माणूस, सिगारेट, व्होडका, दिवसभर उन्हात काम. हृदय बंद पडलं. पहिल्या चौकोनात खूण करा आणि घरी जा. मीच गेलो असतो, पण आज चर्चच्या मिरवणुकीत झेंडा माझ्याकडे आहे."

तिकडे माणूस मेला की डॉक्टरच्या दाखल्याशिवाय त्याला पुरता येत नाही. त्या दाखल्यावर तीन चौकोन असतात. नैसर्गिक मृत्यू, हा पहिला. अनैसर्गिक मृत्यूच्या खुणा आहेत, हा दुसरा. कारण कळत नाही, हा तिसरा. पहिल्यावर फुली पडली की कुणी कुणाला काही विचारत नाही, माणूस सरळ शवपेटीत. दुसऱ्या-तिसऱ्यावर पडली तर डॉक्टरने जागेवरूनच पोलिसांना बोलवायचं आणि ते येईपर्यंत प्रेताला कुणाला हात लावू द्यायचा नाही. कायदा एवढा सरळ आहे. खेड्यापाड्यांत तो किती पाळला जातो, हे अकरा महिन्यांत अहिल्याच्या लक्षात आलं होतं. आयग्नर दाखले दारातूनच लिहायचा, कधीकधी तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी पितापिता.

क्राइटमायरचं शेत गावात सगळ्यांत मोठं. गृहस्थ ग्रामसभेत, चर्चच्या समितीत, नेमबाजांच्या मंडळात, सगळीकडे. तो अंगणात उभाच होता. हिरवा सणाचा कोट चढवलेला, चेहरा सुतकी. शेजारी बायको, हातात कॉफीचा थर्मास.

"बिचारा तादेउश," क्राइटमायर म्हणाला. "सात वर्षं येत होता आमच्याकडे. अकरा वाजता शवपेटीवाला येतोय. मंगळवारपर्यंत बिचारा आपल्या गावी पोचेल. सगळं मी करतोय, त्याच्या घरच्यांना एक पैशाची तोशीस नाही."

अवजारांच्या शेडवर लाकडी जिना होता आणि वर मजुरांची खोली. सहा लोखंडी दुमजली खाटा, खिडकीशी एक टेबल, दोरीवर वाळत घातलेले मोजे. बाकीचे मजूर तोडणीवर गेले होते. खालून, मळ्याच्या बाजूने, फुलं खुडणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. तादेउश दाराजवळच्या खालच्या खाटेवर होता. धुतलेला चेहरा, पाणी लावून विंचरलेले केस, छातीवर जुळवलेल्या हातांत जपमाळ, आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढराशुभ्र शर्ट. शर्टाच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

"शर्ट कुणी घातला?" अहिल्याने विचारलं.

"मी आणि माझ्या जावेने," क्राइटमायरची बायको म्हणाली. "मेलेल्याचा मान ठेवायला नको?"

"ठेवायला हवा. आता मला तो काढावा लागेल. सगळेच कपडे काढावे लागतील. तुम्ही बाहेर थांबा."

बाई दाराशी अडून राहिली. "डॉक्टर आयग्नर तर कधी असं करत नाहीत."

"मी करते," अहिल्या म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

इकडे येण्याआधी ती सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साडेतीन वर्षं होती. तिथे पोस्टमॉर्टेम करायला दुसरं कुणी नव्हतं. जे यायचं ते तिच्याच टेबलावर. विहिरीतून काढलेले, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली सापडलेले, विष घेतलेले आणि विष पाजलेले. दोनशेच्या वर शवं तिने उघडली होती. शवागाराचा आत्माराम म्हणून एक शिपाई होता, चौथी शिकलेला. पहिल्याच दिवशी, ती नाकाला रुमाल लावून उभी असताना, तो म्हणाला होता, "बाई, मेलेला माणूस काय सांगायचं ते अंगावर लिहून ठिवतो. कापडं काढल्याबिगर सही करू नगा." त्या आत्मारामाकडून ती जे शिकली, ते मिरजेच्या कॉलेजात तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिने जपमाळ सोडवून उशाशी ठेवली. अंग ताठलं होतं, त्यामुळे शर्ट काढायला वेळ लागला. डाव्या बरगड्यांखाली, कुशीवर, तळहाताएवढा काळानिळा डाग होता आणि त्याच्या कडेला अर्धगोल रेघ, एक नव्हे, दोन. बुटाच्या टोकाची उठते तशी. पोट फुगून टणक झालेलं. दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, बाहेरच्या बाजूने वळ: मारापासून तोंड वाचवताना माणूस हात आडवे धरतो, तिथे. उलट मारल्याची मात्र मुठींवर एकही खूण नव्हती. मग तिने त्याला कुशीवर वळवलं. मेल्यावर काही तासांनी पाठीवर रक्त साकळून जांभळे डाग उमटतात. तादेउशच्या पाठीवर ते असून नसल्यासारखे होते, धुवून काढल्यासारखे फिके. म्हणजे रक्त अंगात होतं, पण नसांत नव्हतं. ते पोटात सांडलं होतं. प्लीहा फुटली असणार. अशी माणसं एकदम मरत नाहीत. पाच-सहा तास लागतात. तहान लागते, घाम सुटतो, पोट धरून पडून राहतात. तेवढ्या वेळात कुणी इस्पितळात नेलं तर वाचतात.

तिने प्रत्येक डाग मोजपट्टी लावून मोजला आणि मोबाइलवर फोटो काढले. टेबलाशी बसून दाखला भरला आणि दुसऱ्या चौकोनात फुली मारली. मग तिने तिथूनच पोलिसांना फोन केला आणि चादर प्रेताच्या छातीपर्यंत ओढून दार उघडलं.

"पोलीस येताहेत," तिने क्राइटमायरला सांगितलं. "तोवर इथे कुणी यायचं नाही."

क्राइटमायर वळला. जिना उतरताना त्याने खिशातून फोन काढलेला तिने पाहिला.

जवळच्या ठाण्यातून पोलीस आला तो एकटाच. लेखनर नावाचा, क्राइटमायरच्याच नेमबाजी मंडळातला. त्याने चादर वर केली, खाली केली.

"जिन्यावरून पडला असेल," तो म्हणाला. "शनिवारी ही माणसं पितात."

"जिन्याला बूट नसतात."

"फ्राऊ डॉक्टर, मी नोंद करतो. सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत तो इथे राहणार नाही. क्रिमिनल पोलिसांना तुम्ही कळवताय की मी?"

लेखनरने टोपी काढून कपाळ पुसलं. "आज रविवार आहे," तो म्हणाला. तेव्हा अहिल्याने त्याच्यासमोरच इंगोलश्टाटच्या क्रिमिनल पोलिसांचा, म्हणजे गुन्हे शाखेचा, नंबर लावला आणि आपलं नाव, गावाचं नाव आणि डाग कुठे, केवढे आहेत, ते सगळं आकड्यांनिशी सांगितलं. पलीकडच्या बाईने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, सगळी माणसं दुसरीकडे गेली आहेत, यायला तीन-चार तास लागतील, तोवर प्रेत हलवू देऊ नका.

'हलवू देऊ नका' म्हणणं सोपं होतं. लेखनर खाली अंगणात जाऊन क्राइटमायरशी बोलत उभा राहिला. अहिल्याने टेबलाशी असलेली खुर्ची उचलली, दाराच्या उंबऱ्यावर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसली.

साडेदहाच्या सुमारास आयग्नर आला. मिरवणूक अर्धवट सोडून आला असावा. चामड्याची चड्डी, चांदीची बटणं, टोपीला पीस. चौतीस वर्षं त्याने या गावाच्या नाड्या पाहिल्या होत्या. अहिल्याशी तो कधी वाकडं बोलला नव्हता. नाताळात त्याने तिला आणि हरीशला जेवायला बोलावलं होतं.

"उठा," तो सौम्यपणे म्हणाला. "मी बघतो पुढचं."

"पोलिसांनी थांबायला सांगितलंय."

"हे बघा, ऐका. तुम्ही तिकडे पोस्टमॉर्टेमं केलीत, तुम्हाला सगळीकडे खून दिसतात. इथे तसं नसतं. मी नवा दाखला भरतो. तुमचा रद्द."

"भरा ना," अहिल्या म्हणाली. "मग दोन दाखले होतील, दोन सह्या. सरकारी वकील दोघांनाही बोलावतील. मी काय पाहिलं ते मी सांगेन. तुम्ही काय पाहिलं ते तुम्ही सांगा. त्यासाठी आधी पाहायला लागेल. या, चादर काढते."

तो पुढे आला नाही. खाटेकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं, हे तिला तेव्हा जाणवलं.

"तुमचा परवाना माझ्या सहीवर आहे," आयग्नर म्हणाला. अजूनही आवाज खालीच. "फेब्रुवारीत त्याची मुदत वाढवायची आहे. हे मी धमकी म्हणून सांगत नाही. विसरला असाल म्हणून आठवण केली."

"विसरले नव्हते, हेर डॉक्टर. खुर्ची ठेवतानाच तो हिशेब झाला."

तो खाली गेला. बोलून गेल्यावर माणसाला आपलंच बोलणं ऐकू येतं, तसं अहिल्याचं झालं. तिने हरीशला फोन लावला.

"अगं, फुली मारलीस, पोलिसांना सांगितलंस, झालं तुझं काम," हरीश म्हणाला. "आता घरी ये. तू काय पहारेकरी आहेस का?"

"मी उठले की हे त्याला पेटीत घालतील."

"तो पोलीस आहे ना तिथे?"

"तोच पेटी धरेल एका बाजूने."

हरीश म्हणाला, "अहिल्या, अडीच वर्षं घरी बसून रडत होतीस तू. विसरलीस? एका अनोळखी माणसापायी..."

"माझ्यासमोर पडलाय तो. अनोळखी कसा?" आणि तिने फोन ठेवला, कारण जिन्यावर पावलं वाजली होती.

एक बाई वर आली होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, हात होप्फेनच्या चिकाने काळे झालेले. दंडाला पट्टी बांधलेली. ती उंबऱ्याबाहेर थांबली, खुर्चीच्या वरून खाटेकडे बघत. तिची जर्मन तोडकीमोडकी होती, अहिल्याची सुरुवातीला होती तशी.

"मी हालिना. त्याच्याच गावची. तुम्ही त्याचा शर्ट काढला?"

"काढला."

"मग तुम्ही बघितलं."

"बघितलं. कुणी मारलं?"

हालिनाने मागे वळून अंगणाकडे नजर टाकली. खाली क्राइटमायर, त्याची बायको, आयग्नर, लेखनर, चौघे एकत्र उभे होते. ती वळली, तेव्हा ती निघून जाणार असंच अहिल्याला वाटलं. पण ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, अंगणाकडे पाठ करून, आणि बोलायला लागली.

शनिवारी दुपारी तिची बाही यंत्राच्या साखळीत अडकली. साखळी वेल आत ओढते, तशी तिला ओढायला लागली. तादेउशने धावत जाऊन तांबडं बटण दाबलं आणि यंत्र बंद केलं. हात वाचला. पण यंत्र पुन्हा सुरू व्हायला पाऊण तास लागला, वेलींनी भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या राहिल्या. क्राइटमायरचा मुलगा फ्लोरियान जेवणापासून पीतच होता. तो आला आणि त्याने विचारलं, कुणी बंद केलं? तादेउश म्हणाला, मी. एवढंच म्हणाला, मी. फ्लोरियानने त्याला मारलं, खाली पडल्यावर लाथा घातल्या. अकरा माणसं बघत होती.

"मीपण बघत होते," हालिना म्हणाली. "माझ्या हाताचं रक्त बघत होते आणि ते बघत होते."

"मग? डॉक्टरला का बोलावलं नाही?"

"बोलावलं. संध्याकाळी तो पाणी मागायला लागला, पांढरा पडला. मी मालकिणीकडे गेले. तिने फोन केला, मी तिथेच उभी होते. डॉक्टर म्हणाला, दुखायची गोळी द्या, सकाळपर्यंत बरा होईल, इस्पितळात नेलं तर प्रश्न विचारतील."

"कोण डॉक्टर?"

हालिनाने मान न वळवता अंगठा मागे, अंगणाकडे केला. "तो पिसाच्या टोपीवाला."

सकाळच्या फोनचा अर्थ आता अहिल्याला लागला. झेंडा वगैरे सगळं निमित्त. त्याला स्वतःची सही त्या कागदावर नको होती. जिचा परवाना त्याच्या मुठीत आहे अशा परक्या बाईची सही हवी होती. कधी अंगलट आलंच तर म्हणायला मोकळा: भारतातून आलेली, नवखी, चुकली. तिला एकदम राग आला आणि त्या रागात परवान्याची धास्ती बुडाली. इतका वेळ ती तादेउशसाठी बसली होती. आता ती स्वतःसाठीही बसली.

"हे पोलिसांना सांगाल?" तिने विचारलं.

"बाकीचे सांगणार नाहीत. त्यांना पुढच्या वर्षी यायचंय."

"आणि तुम्हाला?"

हालिनाने पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात घेतला. "त्याची बायको मला विचारेल," ती म्हणाली. "गावात रोज भेटते ती."

अकराला शवपेटीवाला आला. काळी गाडी, दोन माणसं, जस्ताची पेटी. त्यांनी ती जिन्यापर्यंत आणली आणि वर बघितलं. उंबऱ्यावर खुर्चीत एक बाई, पायरीवर दुसरी बाई.

"बाजूला व्हा," खालून क्राइटमायर म्हणाला. सुतकी चेहरा आता गेला होता. "हे माझं घर आहे. माझ्या घरातून मी तुम्हाला बाहेर काढू शकतो."

"काढा," अहिल्या म्हणाली. "उचलून काढावं लागेल. पोलीस साहेबांच्या देखत काढा, म्हणजे त्यांना तीही नोंद करता येईल."

लेखनर दोन पावलं मागे सरला. शवपेटीवाल्यांपैकी मोठा होता तो दोन पायऱ्या चढून आला आणि त्याने अहिल्याला विचारलं, "दाखल्यावर कुठला चौकोन?"

"दुसरा."

त्याने मागे वळून साथीदाराला खूण केली. "मग आम्ही हात लावत नाही," तो क्राइटमायरला म्हणाला. "माझा धंदा जाईल." पेटी पुन्हा गाडीत गेली. त्या दिवशी त्या अंगणात कायदा पाळणारा पहिला माणूस तो होता.

साडेअकराला हरीशची गाडी आली. तो घरच्या कपड्यांतच होता, पायात चपला, हातात पिशवी. त्याला बघताच क्राइटमायरचा चेहरा जरा सैल झाला. आता पुरुषाशी पुरुषासारखं बोलता येईल.

"हेर वाघमोडे," तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बायकोला घरी घेऊन जा. ती दमली आहे. तिच्याच भल्याचं सांगतो."

हरीशने वर बघितलं. येताना गाडीत त्याने काय काय ठरवलं होतं, काय समजूत घालायची, कशी घालायची, ते त्याने तिला नंतर कबूल केलं. पण तिला तसं दारात आडवी बसलेली बघून, आणि खाली सणाचे कपडे घातलेली एवढी माणसं बघून, त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"डॉक्टर ती आहे," तो म्हणाला. "मी नुसता ड्रायव्हर."

मग तो जिना चढून आला. पिशवीत पोळ्या होत्या, बटाट्याची भाजी होती आणि पाण्याची बाटली. त्याने अर्ध्या पोळ्या हालिनाला दिल्या. तिने आधी नको म्हटलं, मग घेतल्या. तिघं तिथेच बसली. हरीश हळूच म्हणाला, "पद्माकर काकांचा फोन होता." पद्माकर म्हणजे कारखान्यातले त्याचे ज्येष्ठ सहकारी, तिथल्या मराठी मंडळींचे वडीलधारे, काही अडलं की सगळे त्यांनाच विचारत. "मीच विचारलं होतं त्यांना. म्हणाले, आपण पाहुणे आहोत इथे, पाहुण्यानं यजमानाच्या घरात डोकावू नये."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, काका, तिला बोलावूनच घेतलंय आत. डोकावायला."

पावणेदोनला इंगोलश्टाटची माणसं आली. दोन पुरुष आणि एक बाई. बाईने हातमोजे चढवले, चादर बाजूला केली, कुशीवरची खूण पाहिली आणि नुसतं "गेनाऊ", म्हणजे 'बरोबर', म्हणाली. अहिल्याने दाखला आणि फोटो तिच्या हवाली केले. हालिना उठून उभी राहिली आणि म्हणाली, मला सांगायचंय. तिच्यासाठी दुभाषी बोलावावा लागला. संध्याकाळपर्यंत ती सांगत होती.

म्युनिकला शवविच्छेदन झालं. प्लीहा फाटलेली, दोन बरगड्या मोडलेल्या, पोटात अडीच लिटर रक्त. संध्याकाळी इस्पितळात नेलं असतं तर बहुधा वाचला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं.

बुधवारी आयग्नरने अहिल्याला नोकरीतून काढल्याचं पत्र पाठवलं. परस्पर विश्वास उरला नाही, एवढंच कारण. पंधरा दिवसांत परवाना संपल्याचं कळवणारा कागद आला. गावातल्या बेकरीत तिला सगळ्यांच्या शेवटी ब्रेड द्यायला लागले, मागून आलेल्यांच्याही नंतर. ती थांबायची. ब्रेड घेतल्याशिवाय ती एकदाही परत फिरली नाही, आणि दुसरी बेकरीही तिने शोधली नाही. कुणीतरी गाडीच्या काचेवर चिकटपट्टीने कागद लावला: परत जा. तिने तो काढून घडी घालून क्रिमिनल पोलिसांना नेऊन दिला. हरीश म्हणाला, इंगोलश्टाटमध्ये घर बघू या. ती म्हणाली, खटला होईपर्यंत नाही. मी इथून गेले तर हे म्हणतील, पळाली.

खटला पुढच्या वर्षी मे महिन्यात उभा राहिला. अकरा बघ्यांपैकी दोघेच आले, हालिना आणि एक पोरगेलासा माणूस, ज्याला पुन्हा कधी त्या गावात यायचं नव्हतं. पहिल्या बाकावर तादेउशची बायको बसली होती, काळ्या पोशाखात, दुभाष्याकडे कान लावून. फ्लोरियानच्या वकिलाने अहिल्याला दीड तास उभं ठेवलं. तिची जर्मन कुठल्या पातळीची, परीक्षा कितव्या प्रयत्नात पास, सध्या तिच्याकडे डॉक्टरकीचा परवाना आहे का?

"नाही," अहिल्या म्हणाली.

"म्हणजे आज तुम्ही या देशात डॉक्टर नाही."

"आज नाही. त्या दिवशी होते."

"जर्मन पद्धतीचं शवविच्छेदन तुम्ही किती वेळा केलं आहे?"

"जर्मन पद्धतीचं एकदाही नाही. भारतात दोनशे बारा. प्लीहा दोन्हीकडे डावीकडेच असते."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी मान वर केली आणि हसणं थांबलं. वकिलाने कागद चाळले, आणखी दोन प्रश्न विचारले आणि तो बसला.

फ्लोरियानला साडेचार वर्षांची कैद झाली. जखमी माणसाला मदत नाकारल्याबद्दल क्राइटमायर आणि त्याच्या बायकोला दंड झाला. आयग्नरवरची चौकशी मात्र पुराव्याअभावी बंद पडली: फोन आल्याचं तो नाकारत नव्हता, पण आपण इस्पितळात न्यायलाच सांगितलं होतं असं म्हणत होता, आणि मालकिणीला नीट आठवत नव्हतं. हालिनाचं ऐकलं गेलं, पण तिची जर्मन कच्ची, तिने चुकीचं ऐकलं असेल, असा निष्कर्ष निघाला.

निकालानंतर कोर्टाच्या बाहेर आयग्नर तिच्यासमोर आला. एवढ्या महिन्यांत तो बराच वाकला होता.

"हे सगळं शांतपणे करता आलं असतं," तो म्हणाला. "माझ्याशी आधी बोलला असतात तर."

"शांतपणेच चाललं होतं, हेर डॉक्टर. शर्टसुद्धा इस्त्रीचा होता." आणि ती थोडं थांबून म्हणाली, "तुमच्यावर तक्रार डॉक्टरांच्या मेडिकल चेंबरकडे वेगळी केली आहे मी. तिथे एवढंच विचारतील, फोन आला तेव्हा तुम्ही स्वतः बघायला का गेला नाहीत. तुम्हाला पत्र येईल."

तो वळून आपल्या गाडीकडे गेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर हालिना आणि तादेउशची बायको उभ्या होत्या. त्या बाईला जर्मन येत नव्हती, अहिल्याला पोलिश येत नव्हती. तिने अहिल्याचे दोन्ही हात धरले, बराच वेळ धरून ठेवले, आणि मग हालिनाला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," हालिना म्हणाली, "त्याला फार दुखलं असेल का?"

अहिल्याला खोटं बोलता आलं असतं. कुणी तिला दोष दिला नसता.

"हो," ती म्हणाली. "तिला सांगा, दुखलं असेल. पण त्याने मशीन बंद केलं होतं, हे कोर्टात लिहिलं गेलंय. कुणी विचारलं तेव्हा तो 'मी' म्हणाला, तेही लिहिलंय."

हालिनाने ते सावकाश, एकेक वाक्य करून सांगितलं. बाईने मान हलवली, रुमालाने तोंड पुसलं, आणि त्या दोघी बसच्या थांब्याकडे गेल्या.

हरीश गाडीत वाट बघत होता. म्युनिकच्या कचेरीत नव्या परवान्यासाठीचा तिचा तिसरा अर्ज पडून होता. एका शहरातल्या इस्पितळाने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. आधीची नोकरी का गेली ते समक्ष येऊन सांगा, असं पत्रात होतं. हरीशने विचारलं, काय सांगणार आहेस?

"झालं ते," अहिल्या म्हणाली. "पहिल्यापासून. वेळ लागेल म्हणावं." आणि तिने सीटबेल्ट लावला.